समोरच्याच्या घरी मुक्काम

दार्दो तेचेराबद्दल आमच्या साल्तो गावात दोन मतं आहेत. अर्धे लोक त्याला चुगलखोर म्हणतात, अर्धे देवमाणूस. दोन्हीकडच्यांना रग्बीच्या स्क्रममधलं ओ की ठो कळत नाही. मला कळतं, कारण तिथे त्याचा डावा हात माझ्या कमरेला आवळलेला असायचा. माझं नाव एबेर. मांसाचं दुकान आहे, ते बापाचं. जीभ तिखट आहे, ती मात्र माझी स्वतःची.

स्क्रम म्हणजे आठ माणसांनी डोकी खाली घालून समोरच्या आठांना भिडायचं आणि मागे रेटायचं. पुढच्या ओळीत तिघं असतात. मधला मी, आणि माझ्या उजवीकडचा प्रॉप, म्हणजे खांबच म्हणा, दार्दो. मागच्या पाचही जणांचा भार आमच्या मानांवर येतो. खांबाने मनापासून रेटलं की नुसतं नाटक केलं, हे प्रेक्षकांना दिसत नाही, पंचालाही बहुतेक वेळा दिसत नाही. मधल्याला कळतं. थेट बरगडीत कळतं.

दार्दो या खेळात आला तोच भांडून. गवंडीकाम करायचा, गिलाव्याचं. आमच्या पिएद्रा आल्ता क्लबात कपडे बदलायच्या खोलीला नवा गिलावा चालला होता, आणि मी सराव करून आलो तो दमून भिंतीला टेकलो. ओल्या भिंतीला! मागून कुणीतरी माझी कॉलर धरली, मला उचललं आणि खुर्ची बाजूला ठेवावी तसं बाजूला ठेवलं. मी काही काडीपैलवान नव्हतो.

"पुन्हा टेकलास तर तुलाच लिंपून टाकीन," तो म्हणाला.

आमचे प्रशिक्षक दारात उभे होते. ते म्हणाले, "मंगळवारी ये."

"कशाला? मंगळवारी भिंत वाळलेली असेल."

"भिंतीसाठी नाही रे बाबा."

तो आला आणि राहिला. मान नावाचा प्रकार त्याला नव्हताच, खांद्यांवर थेट डोकं. बोलणं कमी. हात चुन्याने फाटलेले, त्यामुळे त्याने कंबर धरली की सदऱ्यातूनही टोचायचं. घरी तो आणि त्याची आई. तिला सगळे मानाने दोन्या एलिदा म्हणत. ती संत्र्यांच्या गोदामात फळं निवडायचं काम करायची आणि तिच्या आवाजाने पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठायची.

आता मुक्कामाचा नियम सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. राजधानीतल्या बड्या क्लबांना आम्ही नदीकाठचे लोक कधी दिसलोच नाही. त्यांच्याकडे जायचं तर अख्खा दिवस बसमध्ये, आणि धरणावरून पलीकडे गेलं की लगेच अर्जेंटिना. मग जुन्या लोकांनी अक्कल चालवली आणि आसपासच्या देशांतल्या छोट्या क्लबांची मिळून एक नदी-चषक स्पर्धा काढली. आम्ही उरुग्वेचे, पलीकडचे अर्जेंटिनावाले, वरून पाराग्वेचे, आणि दक्षिण ब्राझीलचे एक-दोन. हॉटेलचा खर्च कुणालाच झेपणारा नव्हता, म्हणून ठरलं की पाहुण्या संघातल्या प्रत्येकाने यजमान संघातल्या आपल्या समोरच्याच्या घरी उतरायचं. ज्याच्याशी उद्या खांदा भिडवायचा, त्याच्याच आईच्या हातचं आज जेवायचं. आणि घरात जे दिसेल ते उंबऱ्याच्या आत ठेवायचं. पाहुणा किती प्यायला, कुठे लंगडतो, झोपेत कुणाचं नाव घेतो, यातलं अक्षरही मैदानावर न्यायचं नाही.

हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. पलीकडच्या कॉन्कोर्दियाला एकदा यजमानाकडची मसुराची उसळ मला अशी काही लागली की सकाळपर्यंत माझा मुक्काम खोलीत कमी आणि संडासातच जास्त. समोरच्या संघाचा मधला माणूस, म्हणजे ज्याच्या घरी मी होतो तो, सामनाभर माझ्या नाकासमोर होता. एक शब्द बोलला नाही. वर स्क्रममध्ये माझ्या पोटाला धक्का लागू नये म्हणून बेटा जरा उंचच राहिला. त्याच्याकडे मी आजही नाताळला मांस पाठवतो, सरहद्दीच्या नाक्यावरच्या लोकांनी अडवलं नाही तर.

मग एक पगारी स्पर्धा आली, खेळायचे पैसे देणारी. सहा देशांतले संघ, विमानाने एकमेकांकडे जाणार, सामने टीव्हीवर दिसणार. कल्पना चांगलीच होती, मी उगाच नावं ठेवणार नाही. आमच्या या खंडातल्या खेळाडूंनी आपापसात सतत भिडायला हवं. कधीतरी युरोपात जाऊन मार खायचा आणि परत यायचं, याने कुणी मोठं होत नाही. त्यात नदीकाठच्या क्लबांतून एक मिश्र संघ घ्यायचं ठरलं. निवडीला इराओला नावाचे रोसारियोचे गृहस्थ होते. जवळपास सगळा संघ भरला आणि प्रॉपची एक जागा उरली, दोन्ही बाजूंना खेळू शकेल अशा माणसाची. इराओलांनी आमच्या क्लबाला फोन करून सरळ सांगितलं, "नावं दोन आहेत. तुमचा तेचेरा आणि पाराग्वेतल्या एन्कार्नासियोनचा ओवेलार. शनिवारी दोघं समोरासमोर आहेतच. मी बघायला येतोय."

दार्दो तिशीला टेकला होता. पुन्हा अशी संधी येणार नाही, हे कुणी ओरडून सांगायची गरज नव्हती. त्या आठवड्यात तो माझ्या दुकानाच्या मागे परांचीवर उभा होता आणि मी त्याला माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, देत होतो. एरवी मुका, पण त्या दिवशी आपणहून बोलला.

"एबेर, मला एकदा कुणीतरी विचारावं, काय करतोस रे? आणि मी म्हणावं, खेळतो."

"आणि आत्ता काय म्हणतोस?"

"आत्ता कुणी विचारतच नाही. कपड्यांवर लिहिलेलं असतं."

मी हसलो. त्याला ती जागा मिळावी असं मला स्वतःच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त वाटत होतं.

शुक्रवारी पाराग्वेची बस आली. दोन सरहद्दी ओलांडून आली होती, आणि दोन्हीकडे खाण्याच्या वस्तू काढून घेतात, म्हणून आणलेला सगळा चिपा, त्यांच्याकडचा तो चीज घातलेला पाव, त्यांनी नाक्याच्या रांगेतच संपवला होता. उतरले तेव्हा चालता येत नव्हतं. देर्लिस ओवेलार त्यातला सगळ्यात रुंद. वय चोवीस-पंचवीस, येरबाच्या, म्हणजे मातेच्या पाल्याच्या, गिरणीत पोती चढवायचा, आणि सतत हसरा. तो दार्दोच्या घरी गेला. संध्याकाळी मी बरगड्यांचं मांस पोचवायला गेलो तो मीही तिथेच जेवलो.

देर्लिसने आल्या आल्या बर्फाचं पाणी मागितलं आणि आपलं गार तेरेरे बनवायला बसला.

"अरे देवा," दोन्या एलिदा ओरडली, "थंड पाण्यात माते? तुमच्याकडे गॅस मिळत नाही का रे?"

"मिळतो ना दोन्या. पण आमच्याकडे ऊनही मिळतं. तुम्ही उन्हाळ्यात उकळतं पाणी पिता आणि वर घाम आला म्हणून रडता."

"जिभेला हाड नाही मेल्याच्या. जेव आधी!"

तिला तो एका वाक्यात आवडला होता. तिने भरलेली ताटली त्याच्यापुढे धरली, त्याने डाव्या हाताने घेतली आणि ताटली सरळ खाली गेली. रस्सा, बटाटे, सगळं फरशीवर. "हात ओला होता," देर्लिस हसून म्हणाला. हात ओला नव्हता. दार्दोने ते पाहिलं, मी ते पाहिलं, आणि आम्ही दोघांनी फरशी पुसायला घेतली.

सकाळचं मला दोन्या एलिदाने नंतर सांगितलं, ती स्वयंपाकघरात होती. देर्लिस खाटेवर बसून बुटाची नाडी बांधत होता आणि त्याला बांधता येत नव्हती. डाव्या हाताच्या बोटांत नाडी आहे की नाही हेच त्याला समजत नव्हतं. दार्दो खाली बसला आणि त्याने दोन्ही बुटांच्या नाड्या बांधून दिल्या.

"कधीपासून?" दार्दोने विचारलं.

"महिना झाला असेल. मानेत कळ येते आणि हात झोपतो. जातं आपोआप."

"आज नको खेळूस. पाय मुरगळला म्हण. मी साक्ष देतो."

"माझ्या जागी तू असतास तर म्हणाला असतास?"

दार्दोने नाडीला दुसरी गाठ मारली, म्हणे. देर्लिस त्याच्या खांद्यावर चांगला हात ठेवून म्हणाला, "घरातलं घरात, भाऊ." मग दोघं एकाच मोटारसायकलवर बसून मैदानावर आले, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

मैदान कोरडं होतं, सगळा गाव काठावर, आणि इराओला पांढरी टोपी घालून मधोमध खुर्चीवर. पंच म्हणाला, "वाका. धरा. भिडा." पहिल्या स्क्रमला आम्ही भिडलो आणि माझ्या बरगडीने मला सांगितलं की उजवीकडे काहीतरी गडबड आहे. दार्दोचं वजन होतं, पण जोर नव्हता. देर्लिस पुढे आला, दार्दो मागे गेला, आणि त्याच्यासोबत मीही फरफटलो. काठावरचे पाराग्वेवाले नाचायला लागले.

"झोपलास का, लेका?" मी खाली डोकं घालूनच ओरडलो.

दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला मी मान वाकडी करून बघितलं. देर्लिसचा डावा हात दार्दोच्या सदऱ्याला धरायला हवा होता, तो नुसता अंगाला चिकटून होता, ओला टॉवेल चिकटतो तसा. पकड शून्य. असा खांब जोराने रेटला की तोंडावर आपटतो आणि मागचे सगळे त्याच्या मानेवर येतात. आणि दार्दो काय करत होता? त्याच्या पाठीवरची स्वतःची मूठ आवळून त्याला उचलून धरत होता. समोरच्याला! दातओठ खाऊन तो समोरच्याला उभा ठेवत होता आणि पाय मागे घेत होता. ज्या ताकदीने जागा मिळवायची, ती सगळी ताकद याने पाहुण्याला तोलण्यात घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आम्ही हरलो. काठावरून बघणाऱ्याला वाटावं की देर्लिस ओवेलारने आमच्या म्हाताऱ्या खांबाला दिवसभर लोळवलं. तसंच वाटलं सगळ्यांना. नंतर दोन्ही संघांचं एकत्र जेवण असतं, तिथे मांस भाजायचं काम माझंच. इराओलांनी सगळ्यांसमोर देर्लिसला मिठी मारली आणि जागा त्याची म्हणून सांगून टाकलं. टाळ्यांमध्ये सगळ्यात मोठी टाळी दार्दोची.

मी त्याला शेगडीच्या मागे ओढला. "हरामखोरा, तू रेटलंच नाहीस."

"पाहुणा होता."

"पाहुणा घरात असतो, गाढवा! मैदानावर कसला पाहुणा?"

"त्याचा हात गेलाय, एबेर. रेटलं असतं तर मान मोडली असती. माझ्या हाताखाली."

"मग जा ना, ते टोपीवाले बसलेत तिथे, त्यांना सांग."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला क्लबातले चषक चोरायला सांगितले. "आईच्या फरशीवर सांडलेलं मी बाहेर जाऊन सांगू?"

आमच्यातल्या कुणीही सांगितलं नसतं. घरातलं घरात. मी त्याला भाजलेला तुकडा दिला, तो त्याने हातात धरला आणि खाल्ला नाही.

सोमवारी दार्दो पुन्हा परांचीवर होता.

पगारी स्पर्धा सुरू झाली. त्यात हॉटेलं होती, प्रत्येकाला गुबगुबीत गादी होती, आणि समोरच्या संघाचा माणूस मैदानावरच पहिल्यांदा दिसायचा. कुणी कुणाच्या नाड्या बांधत नव्हतं. संघाच्या डॉक्टरने तपासलं कसं नाही, असं नंतर लोक मला दुकानात विचारायचे. तपासलं असणारच. देर्लिससारखा हसरा माणूस डॉक्टरला काय वाटेल ते पटवू शकतो, आणि ज्याला खेळायचंय तो उजवा हात पुढे करतो.

सामने आम्ही क्लबात बसून बघायचो. त्या दिवशी समोर चिलीचा संघ होता. देर्लिसच्या समोरचा प्रॉप तरणाबांड, चांगला, नियमाने खेळणारा, त्याला काडीचाही दोष नाही. तो आपलं काम करत होता, म्हणजे जीव खाऊन रेटत होता. कॅमेरा बाजूने होता. दार्दो एकदम खुर्चीतून उठला आणि पडद्याकडे गेला. आम्ही "बाजूला हो, दिसत नाहीये" म्हणून ओरडलो. त्याने तो डावा हात घसरताना पाहिला होता, आमच्या आधी. मग स्क्रम कोसळला. सगळे उठले, एक उठला नाही.

देर्लिस जगला. पाय मात्र कायमचे लुळे पडले, आणि हातही बरेचसे.

दार्दो बसने एन्कार्नासियोनला गेला, एकटाच. परत आल्यावर थेट दुकानात आला. मी बरगड्या तोडत होतो. तो बाहेरच्या बाजूला उभा राहून बोलला आणि मी सुरी खाली ठेवली नाही.

"त्याची आई त्याला चमच्याने भरवते," तो म्हणाला. "मला बघून हसला. म्हणाला, तुझ्या आईला सांग, ताटली आता पडत नाही, कुणी हातात देतच नाही."

"आणखी?"

"आई आत गेल्यावर म्हणाला, तू त्या दिवशी मला पाडायला हवं होतंस. तू हळू पाडलं असतंस."

त्याने अर्धा किलो काळीज मागितलं, मी बांधून दिलं.

पुढचा हंगाम नदी-चषकाचा. आम्हाला वाटलं हा आता खेळणार नाही, पण आला. कॉन्कोर्दियाचा संघ धरणावरून आमच्याकडे आला, त्यांचा नवा प्रॉप रामिरो दार्दोच्या घरी उतरला. जेवताना त्याने दोन्या एलिदाला तिचं नाव विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. फळं खाताना पुन्हा. ती आधी चिडली, मग दार्दोकडे बघायला लागली. सकाळी तो संडासात ओकत होता. आदल्या शनिवारी डोक्याला गुडघा लागला होता, त्याने दार्दोला सांगितलं, आणि वर म्हणाला, घरातलं घरात हं.

सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघ ओळीने उभे राहतात. दार्दो ओळीतून बाहेर निघाला, पंचाकडे गेला आणि मोठ्याने म्हणाला, अगदी काठावरच्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल असं, "याच्या डोक्याला मार लागलाय. माझ्या घरी रात्रभर होता, मी पाहिलंय. याला खेळू देऊ नका."

मग एकच गोंधळ. कॉन्कोर्दियाचा कर्णधार दार्दोच्या अंगावर धावून आला. "घरात घेऊन जेवू घालतोस आणि बाहेर येऊन विकतोस? थू!" रामिरोने दार्दोला ढकललं. आमच्या क्लबातल्या जुन्या माणसांनी, ज्यांनी तो नियम घालून दिला होता, त्यांनी माना खाली घातल्या. पंचाने रामिरोला चार साधे प्रश्न विचारले आणि बाहेर काढलं. त्यांच्या संघाने दहा मिनिटं खेळायला नकार दिला, मग खेळले, आणि आम्ही जिंकलो, जे आणखीच वाईट झालं. कॉन्कोर्दियात सगळे म्हणाले, जिंकायलाच त्याने हे केलं.

नंतरच्या जेवणाला कॉन्कोर्दियाचा एकही माणूस थांबला नाही. आमच्या स्पर्धेत असं कधी झालं नव्हतं. माझं मांस निखाऱ्यावर जळत होतं. दार्दो लांबच्या बाकावर एकटा बसला होता आणि त्याच्या शेजारी कुणी जाऊन बसत नव्हतं. तिथून पुढे कुठल्याच संघाने त्याच्या घरी माणूस पाठवला नाही. त्याच्या समोरचा जो कुणी असेल तो आता माझ्याकडे उतरतो.

मी तावातावाने त्याच्याकडे गेलो. त्या नियमाने मला एकदा वाचवलं होतं, तो माझ्या डोळ्यांदेखत गेला होता, आणि मला रडू येत होतं, म्हणून मी शिव्या दिल्या. त्याच्या आईचं नाव घेऊन दिल्या. सगळ्यांना ऐकू जातील अशा दिल्या. म्हटलं, तुझ्यापायी इतक्या वर्षांचं सगळं मातीत गेलं, आता कोण कुणाच्या घरी निवांत झोपेल?

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हात बाकावर टेकून वर पाहिलं.

"दे शिव्या," तो म्हणाला. "पण मला एक सांग. तू फाटकापाशी होतास ना? रामिरो बसमध्ये चढला, तो स्वतःच्या पायांनी चढला ना?"

चढला होता. बॅग खांद्यावर टाकून, पायऱ्यांवर धाडधाड पाय आपटत, आम्हा सगळ्यांना शिव्या घालत.